वेगळी चूल

१९०७ साली जळगावात कवींचे संमेलन भरले. महाराष्ट्रातले ते पहिले कविसंमेलन. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पूर्वेचा कारभार जळगावहून चाले, पश्चिमेचा धुळ्याहून. जळगाव हे कापसाच्या आणि आगगाडीच्या जिवावर वाढत चाललेले गाव. कवितेसाठी ते कुणी निवडले असते असे वाटत नाही. पण जमले सगळे इथेच. अध्यक्षस्थानी होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने लष्करी शल्यवैद्य, छंदाने कवी आणि वनस्पतींचे मोठे जाणकार. त्यांच्यापुढे धरणगावचा एक सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. सभा थक्क झाली. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्या दिवसापासून ‘बालकवी’ झाला. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी हे वाचलेले आहे.

त्याच सभेत एक पंचेचाळिशीचे गृहस्थ बसले होते, त्यांच्याविषयी मात्र शाळेचे पुस्तक घाईने पुढे जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म कोकणातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मणाच्या घरातला. बारा वर्षांपूर्वी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि त्या दिवशी त्यांच्या आप्तांनी घरातले माणूस गेल्यासारखा आकांत केला होता. आता तेच टिळक मराठी कवींच्या बैठकीत मानाने बसले होते, आणि त्या बैठकीत बहुतेक सगळे हिंदू, त्यांतही ब्राह्मण बरेच. त्यांनी या धरणगावच्या पोराला पाठीशी घातले आणि पुढे आपल्या नगरच्या घरी नेले. बारा वर्षांत हे कसे घडले, त्याची किंमत कुणी मोजली, हे मला सांगायचे आहे. आणि आधीच सांगून टाकतो, ती किंमत टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोने जास्त मोजली.

त्या काळचे ‘बाटणे’ म्हणजे काय, हे आज नीट समजत नाही. धर्म बदलणे ही मनातली गोष्ट, असे आपण म्हणतो. तेव्हा धर्म पाण्यात होता, ताटात होता, शिवाशिवीत होता. देव मानतोस की नाही, हे कुणी विचारत नसे. कुणाच्या हातचे पाणी प्यालास, हे विचारत. नास्तिक माणूस पंक्तीला बसू शकत असे. परक्याच्या हातचा चहा प्यालेला आस्तिक उठवला जाई.

अतिशयोक्ती वाटत असेल तर १८९०चे पुण्यातले पंचहौद मिशनचे प्रकरण आठवा. मिशनऱ्यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाला बोलावले आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे ठेवली. कुणी प्याले, कुणी नुसता पेला हाती घेऊन बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ या पत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली. आरोपींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे हायकोर्टापर्यंत पोचलेला न्यायाधीश आणि ‘केसरी’चा संपादक, दोघांनाही एका चहाच्या पेल्यापायी प्रायश्चित्ताची भाषा करावी लागली, आणि अखेर दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. रानड्यांना त्यासाठी त्यांच्याच सुधारक मित्रांनी बोल लावले. मी लावणार नाही. घरातल्या माणसांच्या लग्नकार्यांना भटजी मिळणार नाही, बहीण माहेरी येणार नाही, पितरांच्या श्राद्धाला ब्राह्मण बसणार नाही, या गोष्टी व्यासपीठावरून क्षुल्लक दिसतात, घरात त्या डोंगराएवढ्या होतात.

शास्त्रात यासाठी एक विधीही होता. पतित झालेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घट लाथेने उलथायचा, तो मेला असे समजून सुतक पाळायचे, आणि नंतर त्याच्याशी बोलणेचालणे, देणेघेणे सगळे बंद. या विधीचे नाव घटस्फोट. आज आपण तो शब्द नवरा-बायकोच्या काडीमोडासाठी वापरतो. मुळात तो माणसाला जिवंतपणी मारण्याचा विधी होता.

इंग्रज सरकारने १८५०च्या कायद्याने ठरवले होते की धर्म बदलला म्हणून वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्क जाणार नाही. १८६६ साली आणखी एक कायदा आला: धर्मांतर केलेल्याचा जोडीदार त्या कारणाने नांदायला येत नसेल, तर कोर्टाच्या मार्फत ते लग्न मोडता येईल आणि दुसरे करता येईल. म्हणजे कागदावर वाट मोकळी होती. पण कागदाने पंगत मिळत नाही. ना. वा. टिळकांना ही दुसरी वाट कायद्याने उघडी होती. ते त्या वाटेला गेले नाहीत. हे मी त्यांच्या सगळ्या कवितांच्या वर ठेवतो.

टिळकांच्या आधीही माणसे या आगीतून गेली होती. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा पोरच होता. कोर्टाने त्याला आईबापांच्या ताब्यात दिले. मग खरा पेच पुढे आला: मिशनऱ्याच्या घरी राहिलेला हा मुलगा परत जातीत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका पोराच्या पोटात गेलेल्या अन्नावर मुंबईचे शास्त्री महिनोन्‌महिने भांडत होते. पुढे १८५४ साली बेळगावचे बाबा पदमनजी, १८८३ साली इंग्लंडात पंडिता रमाबाई. प्रत्येकाची कहाणी वेगळी, पण घरच्यांच्या तोंडचे वाक्य एकच: कुळाला काळिमा लावलास.

नारायण वामन टिळकांचे बालपण धड गेले नव्हते. वडील तापट, आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. ती लवकर गेली. पोर घर सोडून नाशिकला आले, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. लग्न झाले तेव्हा बायको अकरा वर्षांची. मग नोकऱ्या धरायच्या आणि सोडायच्या, असे वर्षानुवर्षे चालले. आज वणी, उद्या नागपूर. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते ‘ऋषि’ मासिक चालवत. कीर्तन, प्रवचन, वेदांतावरचे वाद, सगळ्यांत तरबेज. पण मन कुठेच ठरत नव्हते. जातिभेदाने देश पोखरला आहे, हे त्यांना आरपार दिसत होते, आणि त्यावर आपणच एखादा नवा धर्म काढावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणे कवितेवरून सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगून तो गेला. तो कोण होता, हे टिळकांना कधीच कळले नाही. पुस्तक वाचायचे कबूल केले होते म्हणून ते वाचायला बसले, हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत. मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरचे प्रवचन आले आणि पेन्सिल थांबली. ज्या प्रश्नांपायी ते तळमळत होते त्यांची उत्तरे तिथे अशी सरळ बसलेली होती की वाद घालायला जागा उरली नाही.

तिथे त्यांना काय सापडले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच शुभवर्तमानात पुढे येशूची परुश्यांशी गाठ पडते. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवर शास्त्री बोट ठेवतात, आणि तो म्हणतो की माणूस तोंडात जाणाऱ्या अन्नाने विटाळत नाही, मनातून बाहेर पडणाऱ्या दुष्टपणाने विटाळतो. पंचहौदच्या चहाची राळ अजून खाली बसली नव्हती, अशा महाराष्ट्रातल्या एका ब्राह्मणाने हे वाचले, हे ध्यानात घ्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या यहुद्यांची गोष्ट त्याला आपल्या आळीतली वाटली असली तर नवल नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्या पाद्र्याच्या हातून तो घ्यायचा नाही, हिंदी पाळकाच्याच हातून घ्यायचा, हा त्यांचा आग्रह होता. नंतर ते अहमदनगरला राहिले.

आता लक्ष्मीबाई. त्या १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात जन्मल्या. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात विटाळाची धास्ती बसली ती कायमची. बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य धुवायचे, वाळवायचे, मग दळायचे. बाहेरून आलेल्या माणसाची सावली चुकवायची. पोरांनी कुणाला शिवले की पुन्हा आंघोळ, पुन्हा कपडे ओले, थंडी असो की पाऊस. घरातल्या बायकांचा सारा दिवस पाण्यात जाई. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या सुरुवातीची ही पाने वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाईंनी ती हसवत लिहिली आहेत. पण ते हसू ओसरले की डोळ्यांपुढे उरते एक कुडकुडणारी लहान मुलगी, ओल्या परकरातली, आपण काय चुकलो हे न कळलेली. धर्म म्हणजे भय, हे ती चालायला शिकली तेव्हाच शिकली होती.

अशी बाई, आणि तिच्या कानावर येते की नवरा ख्रिस्ती झाला.

पदरी चार वर्षांचा मुलगा, दत्तू. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, आणि लोकांच्या दृष्टीने सवाष्णपण गेल्यातच जमा. येणारी-जाणारी बाई कीव करी, नाहीतर नवऱ्याला शिव्या देई, आणि दोन्ही तितकेच झोंबे. थोरल्या बहिणीने आणि मेहुण्यांनी, नाना पेंडशांनी, त्यांना पंढरपूरला आपल्याकडे नेले, सांभाळले. ज्या नातलगांची आपण कर्मठ म्हणून संभावना करतो तीच माणसे त्या मायलेकरांना तळहातावर झेलत होती, हेही विसरू नये. त्या दिवसांत लक्ष्मीबाई आपले दुःख ओव्यांत, पदांत मांडू लागल्या. लिहिणे धड येत नव्हते. अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिलेली.

टिळकांचा बाप्तिस्मा हा शौर्याचा प्रसंग म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा होताच. पण त्यांनी बायकोला विश्वासात न घेता हे पाऊल उचलले, तिला पुरते अंधारात ठेवले, हे मला खटकते, आणि ते मी झाकणार नाही. ख्रिस्तासाठी अपमान पत्करणे एक. आपल्या निर्णयाचा अपमान दुसऱ्याच्या पदरात टाकणे वेगळे. टिळकांना हे पुढे उमगले असावे. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. साडेचार-पाच वर्षे. मिशनमधल्या काहींना दुसऱ्या लग्नाची वाट दिसत असली तरी टिळकांना ती दिसलीच नाही.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या. आल्या, पण आपले सोवळे घेऊन आल्या. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. चूल वेगळी, पाण्याची भांडी वेगळी, स्वयंपाक सोवळ्यात. त्या काळातल्या कुठल्याही ग्रामण्याइतकी कडक सरहद्द एका संसाराच्या मधोमध आखलेली होती, आणि ती दोघे तिच्या दोन बाजूंना राहून एकमेकांशी भांडत होती, हसत होती, पोराला वाढवत होती. टिळकांनी ती रेघ पुसण्याची जबरदस्ती केली नाही. आयुष्यभर उतावळेपणाने वागलेल्या या माणसाने या एकाच गोष्टीत अपार धीर धरला.

आणि मग लक्ष्मीबाईंची रेघ आतूनच पुसली गेली. कुणाचे प्रवचन नाही, स्वप्न नाही, आकाशवाणी नाही. एका बाईने बसून विचार केला, इतकेच. देवाने माणूस घडवला. जाती कुणी घडवल्या? देवाने घडवल्या असत्या तर माणसाच्या अंगावर काही खूण नसती का ठेवली? गाईचे वासरू गाईसारखे, घोड्याचे शिंगरू घोड्यासारखे. मग ब्राह्मणाचे मूल आणि महाराचे मूल पाळण्यात शेजारी ठेवले तर कुणाला ओळखता येईल? विचार असा एकेक पायरी उतरत गेला आणि तळाशी पोचल्यावर तिथे विटाळ नावाची वस्तूच नव्हती. लक्ष्मीबाईंनी ठरवले की आजपासून कुणाच्याही हातचे खायचे. त्या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी सोवळे गळून पडले, ख्रिस्त मागाहून आला. टिळकांचा क्रम उलटा होता. त्यांना आधी ख्रिस्त भेटला आणि त्याने सोवळे सोडवले. १९०० साली लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. वेगळी चूल विझली.

सावलीलाही भिणाऱ्या घरातली ही मुलगी. संवत छप्पनच्या (१८९९-१९००) दुष्काळाने नगर जिल्हा होरपळत असताना तिने अनाथ पोरे घरात आणली, न्हाऊमाखू घातली, जेवू घातली. कुणाचे, कुठले, कोणत्या जातीचे, हे विचारायला आता घरात कुणी नव्हते.

टिळकांची गंमत अशी की नियमांच्या एका कुंपणातून सुटून ते दुसऱ्या कुंपणात बसायला तयार नव्हते. मिशनचे कंपाउंड हेही एक गाव होते आणि त्यालाही आपले सोवळे होते. साहेबी चालीची भजने, साहेबी वळणाचे देऊळ, ख्रिस्ती झालेल्याने आपले जुने सारे विसरावे ही अपेक्षा. टिळकांनी ती मानली नाही. त्यांनी टाळ-मृदंग देवळात आणले, ख्रिस्ताचे कीर्तन उभे केले, अभंग लिहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त आजही त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. पुढे १९१२पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे ते संपादक झाले. आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. ‘देवाचा दरबार’ काढला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, असा तो बेत. म्हणजे बाप्तिस्म्याचासुद्धा त्यांनी विटाळ-सोवळ्यासारखा दंडक होऊ दिला नाही. मिशनमधल्या भल्याभल्यांना हे रुचले नाही. टिळकांना दुसऱ्यांदा आपल्या माणसांचे कटू बोल ऐकावे लागले.

हे सगळे मनात ठेवून पुन्हा जळगावला या.

तो सतरा वर्षांचा पोरगा धरणगावचा. वडील पोलिसात, बदलीची नोकरी, त्यामुळे पोर खानदेशभर फिरलेले. नवापूर, नंदुरबार, यावल, चाळीसगाव, एरंडोल. शाळा बदलत गेल्या आणि शिक्षण कुठेच तडीस गेले नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याचे झरे, गवत, श्रावणातले ऊन त्याच्या डोळ्यांत साठत गेले. अशा पोराला घर हवे होते. ते त्याला नगरला टिळकांकडे मिळाले. दत्तूपेक्षा तो जेमतेम वर्षाने मोठा. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले. त्याचे रुसवे, त्याचा हळवेपणा, त्याचे पोरपण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त असे लिहून ठेवले आहे की बालकवींचे इतके जिवंत चित्र दुसरीकडे सापडत नाही.

बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्याला आप्तांनी मेलेला धरला, त्याच्या घरी बारा-तेरा वर्षांनी एक ब्राह्मण पोर जाऊन राहते. आणि टिळक त्याला ख्रिस्ती करत नाहीत. बालकवी हिंदू म्हणून त्या घरात गेले, हिंदूच राहिले. टिळकांना ख्रिस्ताविषयी जी तळमळ होती ती पाहता त्यांनी मनात किती प्रार्थना केल्या असतील, कुणी सांगावे. पण त्या पोराच्या कवितेत त्यांनी ढवळाढवळ केली नाही. ज्याने बायकोच्या वेगळ्या चुलीला हात लावला नाही, त्याच्याकडून हेच व्हायचे होते.

खानदेशात ख्रिस्ताच्या मागे गेलेली माणसे आणखीही होती, आणि त्यांची आत्मचरित्रे नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पश्चिम खानदेशातल्या नंदुरबार-नवापूरच्या आदिवासी मुलखात स्कँडिनेव्हियन मिशनरी काम करू लागले. तिथे एखाद्या भिल्लाने किंवा मावच्याने बाप्तिस्मा घेतला तर वर्तमानपत्रात ओळ आली नाही. त्याच्याकडे गमावण्यासारखी पंगत नव्हती, असे शहरातला माणूस म्हणेल. पण जमात हेच ज्याचे छत्र, शेती, सोयरीक आणि म्हातारपण, त्याच्यासाठी जमातीने तोंड फिरवणे हे पुण्यातल्या ग्रामण्याहून सोपे नसते. टिळकांविषयी लिहिताना ही बिननावाची माणसे माझ्या नजरेपुढून हलत नाहीत.

आणखी एक धागा खानदेशातच गुंफलेला आहे. पंढरपूर, जिथे लक्ष्मीबाईंनी नवऱ्याविना दिवस काढले, तिथल्या विठोबाचे दार अस्पृश्यांना बंद होते. ते उघडावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले. अंमळनेरचे मास्तर, पूर्व खानदेशचे. त्याआधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली तेव्हा समोर बसून ती अक्षरशः उतरून घेणारेही गुरुजीच. ती लिहून घेतली जात होती त्याच सुमारास लक्ष्मीबाई आपल्या आठवणी लिहू लागल्या होत्या. आणि विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्मसार’ संकलित केले. देव दंडकांत कोंडला आहे हे ज्यांना सहन झाले नाही, त्यांतले काही घर सोडून गेले, काही घरातच दारावर बसून राहिले. गुरुजींनाही शिव्या खाव्या लागल्या. मला या दोन्ही तऱ्हेच्या माणसांत भांडण लावायचे नाही.

बालकवींचा शेवट खानदेशातच झाला. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना ते मालगाडीखाली सापडले. वय अठ्ठावीस पुरे नव्हते. पुढल्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले. त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले होते, ‘ख्रिस्तायन’. दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याने ज्या ख्रिस्तासाठी घर सोडले आणि त्यापायी जिच्यावर अब्रू गेल्याचा डोंगर कोसळला, तिनेच त्याचे हे चरित्र पुरे केले. ग्रंथ १९३८ साली छापून आला. तो पाहायला त्या नव्हत्या. १९३६ साली त्यांचेही निधन झाले होते.

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर पाळधी सोडल्यावर धरणगाव येते. उलट्या दिशेने भुसावळकडे निघालात तर भादली. त्या प्रवासात ‘स्मृतिचित्रे’ बरोबर असू द्या. खानदेशातल्या कुठल्याही बऱ्या वाचनालयात ते मिळते. वडिलांच्या सोवळ्याची पहिली पाने वाचून झाली की थांबू नका. वेगळी चूल विझेपर्यंत वाचा.